दिसलं काय आणि सांगितलं काय: मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

सन्माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. आधी मिग, मग सुखोई. काम इन्स्पेक्शनचं. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी टाऊनशिपवरून विमान गेलं की हातातलं काम थांबतं. चीनच्या नव्या लढाऊ विमानांबद्दल आणि ड्रोनबद्दल आपल्या वाहिन्यांवर गेलं वर्षभर जे चाललंय, ते बघवेना म्हणून हे पत्र लिहितो आहे.

एका रात्री साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या वहिनी दारात आल्या. त्यांचा मुलगा हवाई दलात आहे, पोस्टिंग ईशान्येकडे. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "भाऊजी, टीव्हीवर सांगतायत की चीनचं ते नवीन विमान आपल्या रडारला दिसतच नाही. मग आपल्या मुलांनी करायचं काय?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर लाल पट्टी होती आणि चिनी झेंड्याखाली एक विमान गिरक्या घेत होतं. ते विमान अमेरिकेचं एफ-२२ होतं. त्याला दोन उभी शेपटं असतात आणि ती स्पष्ट दिसत होती. ज्या चिनी विमानाबद्दल निवेदक बोलत होते, त्याला उभं शेपूटच नाही. त्या विमानाची सगळ्यात मोठी ओळखच ती आहे.

वहिनींना मी एवढंच सांगितलं की हे विमान ते नव्हे. पण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला तासभर लागला. तो तास तुम्ही द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या कामात तपासणीच्या कार्डावर तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागत. डोळ्यांना काय दिसलं, ते एक. त्यावरून काय असावं असं वाटतं, ते दुसरं. आणि ते पक्कं करायला काय तपासायला हवं, ते तिसरं. रिव्हेटच्या कडेला केसाएवढी रेष दिसली, तर 'रेष दिसली' एवढंच लिहायचं. 'तडा गेला आहे' असं लिहायचा अधिकार पुढच्या तपासणीनंतर. नवीन पोरं पहिल्या दोन रकान्यांची सरमिसळ करायची, तेव्हा माझे वरिष्ठ कार्ड शांतपणे परत द्यायचे. ओरडायचे नाहीत, पण पुन्हा लिहायला लावायचे.

तेच कार्ड घेऊन आपण चीनच्या विमानाकडे बघू.

२६ डिसेंबर २०२४. माओंचा जन्मदिवस. त्या दिवशी चेंगडूच्या आकाशात एक मोठं, पतंगासारख्या आकाराचं, शेपटी नसलेलं विमान लोकांनी मोबाईलवर टिपलं. शेजारी जे-२० हे चीनचं आधीचं लढाऊ विमान उडत होतं, दोन आसनांचं. त्याच दिवशी आणखी एक, जरा लहान, तेही बिनशेपटीचं विमान दिसलं. ते शेनयांगच्या कारखान्याचं असल्याचं मानलं जातं. चिनी सरकारने त्या वेळी चकार शब्द काढला नाही. पहिल्याला आपण सगळे 'जे-३६' म्हणतो, ते त्याच्या अंगावर नंतर दिसलेल्या ३६०११ या आकड्यावरून. दुसऱ्याचं 'जे-५०' हे नाव तर निव्वळ निरीक्षकांनी ठेवलेलं. तुमच्या पट्ट्यांवर मात्र ही नावं बीजिंगने पत्रक काढून जाहीर केल्यासारखी येतात.

माझी भाची पॉलिटेक्निकला आहे. नाताळच्या सुट्टीत ती आली होती. आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तो व्हिडिओ चित्र-चित्र थांबवत बघितला. ती म्हणाली, "मामा, जे-२०ची लांबी माहितीये ना? मग प्रमाण काढू." पडद्यावर फूटपट्टी लावली. जे-२० साधारण २१ मीटरचं. दोन्ही विमानं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आहेत असं धरलं, तर नवीन विमान लांबीला त्याच्या आसपास किंवा थोडं जास्त आणि पंखांना चांगलंच रुंद निघतं. तिने वहीत लिहिलं आणि पुढे स्वतःहूनच कंसात लिहिलं, 'अंतर सारखं असेल तर'. मला त्या कंसाचा फार आनंद झाला.

मग चाकं. सुरुवातीच्या उड्डाणांत अंडरकॅरेज, म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, खाली ठेवतात, तशी ती खालीच होती. मागच्या प्रत्येक पायाला एकामागे एक अशी दोन चाकं. आमच्या सुखोई-३०ला मागच्या पायाला एकेकच चाक असतं आणि ते विमान ३८ टनांच्या वर वजन घेऊन उडतं. रशियाच्या सुखोई-३४ला मात्र अशीच दोन-दोन चाकं आहेत आणि ते ४५ टनांपर्यंत जातं. म्हणजे हे नवीन विमान जड आहे, पोटात भरपूर इंधन आणि शस्त्रं घेऊन लांब जाण्यासाठी बांधलेलं असावं. हवा आत घेणारी तोंडं तीन, दोन खालच्या अंगाला आणि एक पाठीवर. म्हणजे इंजिनं तीन. तीन का? इथे तर्क फुटतात. कुणी म्हणतं, एवढ्या वजनाला पुरेल असं एकेक इंजिन अजून त्यांच्याकडे नाही. कुणी म्हणतं, उंचीवर वेग टिकवायला आणि रडारसारख्या उपकरणांना वीज पुरवायला. दोन्ही म्हणणी दुसऱ्या रकान्यातली, आणि ती तिथेच राहायला हवीत.

उभं शेपूट का काढलं, हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. उभ्या शेपटीवरून बाजूने येणाऱ्या रडारच्या लहरी परततात, विशेषतः लांब तरंगाच्या रडारच्या. शेपूट काढलं की हा परतावा घटतो. पण मग विमान सरळ ठेवायचं कसं? पंखांच्या टोकांकडचे फडके, म्हणजे हलत्या फळ्या, वर-खाली उघडून एका बाजूला ओढ निर्माण करायची आणि हे सगळं सेकंदाला कित्येक वेळा संगणकाने करायचं. अमेरिकेचं बी-२ बॉम्बर असंच उडतं. त्या व्हिडिओत पंखांच्या कडेचे फडके उघडलेले दिसतात, ते यासाठी. हे दाखवायला तुम्हाला ॲनिमेशनचीही गरज नव्हती. थांबवलेलं चित्र आणि एक बाण पुरला असता.

आता 'रडारला दिसतच नाही' या वाक्याकडे येतो. वहिनींना घाबरवलं ते या वाक्याने. रडारचं गणित असं आहे की विमान जितक्या अंतरावरून दिसतं ते अंतर निम्मं करायचं असेल, तर त्याचा रडारवरचा ठसा सोळा पटींनी कमी करावा लागतो. एक दशांश करायचं असेल, तर दहा हजार पटींनी. म्हणजे अदृश्य असं काही नसतं. उशिरा दिसणारं असतं. उशीर ही भयंकर गोष्ट आहे, लढाईत त्याने जीव जातात, पण त्यावर उपाय करता येतात. वेगवेगळ्या तरंगांची रडारं, एकमेकांना जोडलेली केंद्रं, उंचावरून बघणारी विमानं. अदृश्याला उपाय नसतो. 'उशिरा दिसतं' म्हटल्यावर वहिनींनी लगेच विचारलं, "मग आपल्याकडे ती रडारं आहेत का?" संपादक महोदय, हा प्रश्न एका गृहिणीने विचारला. तुमच्या चर्चेतल्या सहा खिडक्यांमधून तो त्या रात्री आला नाही.

तुमच्यापैकी एका वाहिनीने मलाही बोलावलं होतं. फोनवरचा मुलगा नम्र होता, त्याला दोष देत नाही. म्हणाला, "सर, आपल्याला एवढंच हवंय की चीन आपल्यापेक्षा वीस वर्षं पुढे गेलाय, एका वाक्यात." मी म्हटलं, बाबा, व्हिडिओत काय दिसतं ते मी सांगतो, पण वीस हा आकडा कुठून आला? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मग दुसऱ्या गेस्टना विचारतो." आणि काही दिवसांनी त्याच वाहिनीवर कार्यक्रम होता की चिनी विमानं म्हणजे नुसता दिखावा आणि चिनी माल टिकत नाही. वीस वर्षं पुढे की नुसता दिखावा, यातलं एक तरी तपासलं होतं का?

भीती आणि तुच्छता या दोन्हींनी भल्याभल्यांना फसवलंय. १९६७ साली मॉस्कोजवळच्या दोमोदेदोवोच्या प्रदर्शनात सोव्हिएत मिग-२५ पहिल्यांदा जगाने बघितलं. प्रचंड पंख, हवा आत घेणारी प्रचंड तोंडं. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी तर्क केला की हे वेगाला अचाट आणि गिरकी घ्यायलाही तितकंच चपळ असणार. त्या धास्तीचा अमेरिकेच्या एफ-१५च्या आराखड्यावर मोठा परिणाम झाला. मग ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक ते विमान घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला. उघडून बघितलं, तर सांगाडा मुख्यतः निकेलच्या पोलादाचा, जड. इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॅक्यूम ट्यूब. सरळ रेषेत वेगाने जाऊन बॉम्बर अडवायला उत्तम, पण चपळ लढवय्या मुळीच नव्हे. पंख मोठे होते ते वजन पेलायला. फोटोत दिसलं ते खरंच होतं, चूक झाली ती दुसऱ्या रकान्यात. तेच विमान पुढे आपल्या हवाई दलात टेहळणीसाठी होतं, बरेलीला, २००६पर्यंत. त्या कामात त्याला तोड नव्हती.

आता उलट बाजू. २००९च्या जुलैत अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स जाहीर भाषणात म्हणाले होते की २०२०पर्यंत चीनकडे पाचव्या पिढीचं, म्हणजे रडारला उशिरा दिसणारं, एकही लढाऊ विमान नसेल. दीड वर्षात, ११ जानेवारी २०११ला, जे-२० उडालं. गेट्स त्या दिवशी बीजिंगमध्येच होते. त्याआधी काही आठवडे चेंगडूच्या कुंपणाबाहेरून काढलेले धूसर फोटो फिरत होते आणि पुष्कळ जण त्यांना बनावट म्हणत होते. २०१७ला ते विमान चिनी हवाई दलात दाखल झालं.

म्हणून कुंपणाबाहेरच्या फोटोंवर तर्क करूच नका, असं माझं म्हणणं नाही. चीनसारख्या बंद देशाबद्दल तर्क करावाच लागतो. पण तर्काला पायऱ्या असतात आणि त्या लोकांना दिसायला हव्यात.

ड्रोनच्या बाबतीत तर पायऱ्याच उडवल्या जातात. ३ सप्टेंबर २०२५च्या बीजिंगच्या परेडमध्ये ट्रकवरून नवनवीन मानवरहित विमानं गेली. काहींचा आकार लढाऊ विमानाएवढा, वैमानिकाची काचच नाही. त्यातली काही माणूस चालवत असलेल्या विमानासोबत जोडीदार म्हणून उडण्यासाठी आहेत, असं मानतात. पण ट्रकवर ठेवलेलं यंत्र उडतं की नाही, किती उडालंय, हे परेडवरून कळत नाही. ज्यूतियान नावाच्या मोठ्या ड्रोनचंही तसंच. २०२४च्या नोव्हेंबरात झुहाईच्या प्रदर्शनात ते दिसलं, १६ टनी, सहा टन भार वाहणारं, पोटातून लहान ड्रोनचा थवा सोडण्याची सोय सांगितलेली. लगेच आपल्याकडे 'उडती मदरशिप भारताचं आकाश व्यापणार'. त्या वेळी ते उडालंही नव्हतं. बाजारात तुरी, अशी गत. पहिलं उड्डाण झालं ते २०२५च्या डिसेंबरात. आणि त्याचा आकार बघा: लांब सरळ पंख, पाठीवर इंजिन. लपण्यासाठी बांधलेलं विमान असं नसतं. हवाई संरक्षण जागं असलेल्या देशावर ते दूरवरून दिसेल. सामान वाहायला, समुद्रावर तासन्‌तास टेहळणी करायला ते कामाचं आहे, आणि तेवढंही थोडं नाही.

या गदारोळात ज्या ड्रोनची खरंच काळजी करायला हवी, त्याच्याबद्दल मी मराठीत फार थोडं ऐकलं. त्याचं नाव जीजे-११. शेपटी नसलेलं, वटवाघळासारखं, जेट इंजिनाचं, लपून जाणारं. १ ऑक्टोबर २०१९च्या परेडमध्ये ते ट्रकवर होतं. २०२५च्या नोव्हेंबरात चिनी हवाई दलाने स्वतःच चित्रफीत काढली, त्यात ते जे-२०च्या सोबत हवेत आहे. आणि त्याच्या थोडंच आधीच्या उपग्रहचित्रांत तिबेटमधल्या शिगात्सेच्या विमानतळावर तशी ड्रोन उभी दिसली. शिगात्से सिक्कीमच्या सीमेपासून साधारण दीडशे किलोमीटर. याच विमानतळावर २०२४च्या मे महिन्यात सहा जे-२० उभी असल्याचं उपग्रहाने टिपलं होतं. ट्रकवरून तिबेटच्या धावपट्टीवर यायला सहा वर्षं लागली. हे सगळं पहिल्या रकान्यातलं आहे.

त्याच शिगात्सेची दुसरी गोष्टही सांगायला हवी. तो विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,७०० मीटरच्या वर आहे. हवा विरळ. इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी. म्हणून तिथे धावपट्टी सुमारे पाच किलोमीटर लांब ठेवावी लागली आणि तरीही पूर्ण इंधन, पूर्ण शस्त्रं घेऊन उडणं तिथल्या लढाऊ विमानाला कठीण. आपले तेजपूर, चाबुआ, हाशिमारा हे तळ सखल भागात आहेत, तिथून विमान भरल्या पोटी उडतं. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या जरा सावरल्या. पण मी त्यांना हेही सांगितलं की लांब पंखांच्या ड्रोनला विरळ हवेचा तितका त्रास होत नाही आणि आकाशात इंधन भरता आलं तर लढाऊ विमानाची अडचणही कमी होते. अर्धं सांगून धीर देणं मला बरं वाटलं नाही.

आणखी एक. २०२५च्या ऑक्टोबरच्या अखेरीस जे-३६चा दुसरा नमुना दिसला. मागची नोझलं, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर पडायची तोंडं, बदललेली. आणि चाकं, जी आम्ही टेबलावर मोजली होती, ती एकामागे एकऐवजी आता शेजारी-शेजारी. भाचीने रात्री फोन करून सांगितलं. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो. अंडरकॅरेज बदलायची म्हणजे पाय बदलायचा, तो मावायचा खळगा बदलायचा, आजूबाजूच्या फ्रेम बदलायच्या, जुळणीचे साचे म्हणजे जिग बदलायचे. हे त्यांनी पहिलं विमान जगाला दिसल्यापासून दहा महिन्यांत उडवून दाखवलं. बदलाची तयारी त्याआधीच सुरू झाली असणार, हे मान्य. तरी ज्याने कारखान्यात एखादा छोटा बदलही कागदावरून पत्र्यापर्यंत जाताना बघितलाय, त्याला त्या दोन चाकांनी झोप लागू नये. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी ती होती. तिला ना स्फोट लागतो ना लाल पट्टी, म्हणून ती सुटली.

ती बातमी मोठी, कारण तिच्या पुढचा प्रश्न आपल्याकडे वळतो. आपल्या हवाई दलाला लढाऊ विमानांच्या मंजूर तुकड्या (स्क्वॉड्रन) ४२. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि हाती उरल्या २९. तेजस पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ला. ८३ तेजस मार्क-१एचा करार २०२१च्या फेब्रुवारीत झाला. विमानं २०२४पासून मिळायची होती, अमेरिकेहून यायची इंजिनं रखडली आणि सगळंच मागे गेलं. अ‍ॅम्का या पाचव्या पिढीच्या आपल्या नियोजित विमानाला २०२४च्या मार्चमध्ये १५,००० कोटी मंजूर झाले, ते कोणत्या पद्धतीने बांधायचं हे २०२५च्या मे महिन्यात ठरलं आणि हवाई दलात येईतो २०३५ उजाडेल, असं सरकारच सांगतं. बिनशेपटीच्या लढाऊ ड्रोनसाठी आपण चित्रदुर्गला १ जुलै २०२२ रोजी छोटा नमुना उडवला. फार चांगलं उड्डाण होतं ते, स्वतःहून उडालं, स्वतःहून उतरलं. पुढचं मोठं विमान कधी? खुद्द हवाई दलप्रमुख जाहीरपणे म्हणाले आहेत की वेळेत न आलेल्या संशोधनाचा उपयोग राहत नाही. गणवेशातला माणूस इतकं उघड बोलतो, तेव्हा त्यामागे किती बैठका वाया गेल्या असतील, याचा विचार करा.

१७ ऑक्टोबर २०२५ला ओझरच्या नव्या लाईनवरचं पहिलं तेजस उडालं. मी गच्चीवर होतो. माझ्यासोबत दोन जुने सहकारी, एकाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी तो जिना चढून आला. विमान वर गेलं तेव्हा आम्ही कुणीच बोललो नाही. संध्याकाळी एका मराठी वाहिनीवर त्या बातमीला दीडेक मिनिट मिळालं आणि पाठोपाठ अर्धा तास चिनी ड्रोनचं ॲनिमेशन, ज्यात मुंबईवर थवा येतो. नाशिक जिल्ह्यात उडालेलं विमान, नाशिकच्या पोरांनी जुळवलेलं. वर्षाला आठ विमानांची ही लाईन. आठ पुरतील का, इंजिनं येत आहेत का, सुटे भाग बनवणाऱ्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना ऑर्डर मिळाल्या का, हे विचारायला तुमचा प्रतिनिधी गेटवर उभाच होता.

मागणं फार नाही. परदेशी विमानाचा फोटो दाखवाल तेव्हा ते कुठलं विमान आहे हे ओळखणारा एक माणूस न्यूजरूममध्ये ठेवा. व्हिडिओगेममधलं दृश्य असेल तर ते लावूच नका, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रतीकात्मक' लिहूनही नाही. माझ्या वहिनी ती अक्षरं वाचत नाहीत, त्या चित्र बघतात. आणि पडद्याच्या एका बाजूला ते तीन रकाने ठेवा: दिसलं काय, असावं काय, तपासायचं काय. पाकिस्तानला चीनची ४० जे-३५ लढाऊ विमानं मिळणार ही २०२५च्या जूनमधली बातमी आठवा. तिथल्या सरकारच्याच संदेशात ती आली आणि थोड्याच दिवसांत त्यांचेच संरक्षणमंत्री म्हणाले की हे माध्यमांतच आहे. आपल्याकडे तोवर ती विमानं सीमेवर येऊन उभी राहिली होती. तीन रकाने असते, तर ती बातमी दुसऱ्या रकान्यात राहिली असती.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमाराला संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल येतात. कुणालाही वाचता येतात. तुकड्या किती, किती पैसा मागितला, किती मिळाला, सगळं त्यात असतं. पुढचा अहवाल येईल त्या संध्याकाळी अर्धा तास त्यावर द्या. आपल्या खासदारांना स्टुडिओत बोलावून आकडे समोर ठेवा.

तुमच्या गेस्ट-कोऑर्डिनेटरकडे माझा नंबर आहे. सातनंतर मी घरीच असतो. भाचीची वहीही सोबत आणेन. चाकांचं पान तिने आता दुसऱ्यांदा लिहिलंय, जुनं न फाडता.

आपला,
एक निवृत्त विमान-तपासनीस
ओझर टाऊनशिप, जि. नाशिक